हवा हाय का?

पागधरे सरांनी मला आयुष्यात पहिला प्रश्न विचारला तो संडासाच्या दाराबाहेरून. शाळेत रुजू होऊन मला तीनच दिवस झाले होते. मधल्या सुट्टीत आत गेले, निऱ्या सुटल्या होत्या त्या नीट करत जरा जास्त वेळ राहिले, तर दारावर हळूच टकटक झाली आणि एक पुरुषी आवाज म्हणाला, "कोण हाय आत? हवा हाय का?" मी शरमेनं अर्धी झाले. असल्या प्रश्नाला उत्तर काय द्यायचं? गप्प राहिले, तर टकटक वाढली. "बोला की! हवा हाय का?" शेवटी मी "आहे, आहे!" असं ओरडले तेव्हा पावलं लांब गेली.

बाहेर येऊन बघते तर स्टाफरूमच्या दाराजवळच्या खुर्चीत पंचेचाळिशीचा एक काटकुळा माणूस मनगटावरचं घड्याळ बघत बसलेला. मी परगावाहून सुखरूप परत आले असावे अशी त्यांनी मान हलवली. बाकीचे सगळे हसून बेजार झाले होते.

"मनावर घेऊ नका," गणिताच्या राऊत बाई म्हणाल्या. "पागधरे सर सगळ्यांना विचारतात. हेडमास्तरांनासुद्धा."

ही ऐंशी सालानंतरची गोष्ट. मी चिंचणीची. घरी आठ महिन्यांची मुलगी सासूबाईंकडे सोडून रोज बोईसरला बस बदलून मुरब्याच्या बाजूला नोकरीला यायची. शाळा खाडीकाठी होती, खिडकीतून बोटींच्या डोलकाठ्या दिसायच्या. पागधरे सर तिथं शास्त्र शिकवायचे, त्यातही जीवशास्त्र त्यांच्या खास आवडीचं. झाड कसं जगतं आणि माणूस कसा जगतो, एवढंच ते वर्षानुवर्षं शिकवत आले होते. आणि शिकवताना ते घाबरलेले असायचे. हे मी चेष्टेनं म्हणत नाही. असा घाबरलेला माणूस मी तोवर पाहिला नव्हता.

वर्गात शिरले की आधी खिडक्या उघडायचे, मग हजेरी. पावसाळ्यात पाणी आत यायचं, वह्या भिजायच्या, पण एक खिडकी उघडी राहायचीच. सामानाच्या खोलीत जायचं तर दार उघडून आधी उंबऱ्यात उभे राहायचे आणि अंधारात विचारायचे, "हवा हाय का?" आत कोण असणार, नकाशे आणि झाडू! एकदा मी म्हटलं, "सर, नकाशांनी उत्तर दिलं का?" ते म्हणाले, "उत्तर आलं नाही तर आत जायचं नाही, बाई. एवढं लक्षात ठेवा." मी हसले, आणि मग दोन दिवस त्या खोलीत गेले नाही.

खरं तर ते एरवी शुद्ध बोलायचे, अगदी छापल्यासारखं. घाबरले की मात्र मुरब्याची बोली वर यायची. त्यामुळे सर किती घाबरलेत हे ऐकणाऱ्याला लगेच कळायचं. त्यांची आणखी एक सवय माझ्या फार उशिरा लक्षात आली. ते कधीही खाडीकडे तोंड करून बसायचे नाहीत. पिढ्यान्पिढ्या मासेमारीवर जगलेल्या घरातला हा माणूस बोटीकडे पाठ करून डबा खायचा. खाडी ओलांडून सातपाटीला जायचं तर सगळे होडीनं पाच मिनिटांत जात. सर पालघरवरून बसनं वळसा घालून जायचे आणि अर्धा दिवस घालवायचे.

त्यांचा आणि माझा वर्ग शेजारी शेजारी. मध्ये भिंत होती ती छतापर्यंत पोचत नव्हती. म्हणून मी मराठी शिकवता शिकवता सगळं जीवशास्त्र ऐकलं. जूनच्या पहिल्या तासाला ते नाव सांगायचे नाहीत, पुस्तक उघडायचे नाहीत. "पेन खाली ठेवा. मी सांगेपर्यंत कुणी बोलायचं नाही." आणि घड्याळ समोर धरून उभे राहायचे. त्या वर्गातली शांतता भिंतीवरून माझ्या वर्गात उतरायची आणि माझीही मुलं गप्प व्हायची. मुलं चुळबुळायची, कुणी फिसकन हसायचं, मग हसणंही थांबायचं. वेळ काही संपायचा नाही. मलाच श्वास कोंडल्यासारखं व्हायचं.

"झाली चार मिनिटं," सर म्हणायचे. "जेवणाशिवाय माणूस काही आठवडे काढतो. पाण्याशिवाय काही दिवस. हवा मिळाली नाही तर मेंदू एवढाच वेळ तग धरतो. आत्ता बसलात ना, तेवढाच. आता पुस्तक काढा, पान पहिलं."

मी घरी आले की पाळण्यातल्या पोरीच्या नाकासमोर हात धरून बघायची. सासूबाई म्हणायच्या, "अगं, झोपलीय ती, उठवशील." मी काय सांगणार? आमच्या शाळेतल्या एका मास्तरांची भीती मला लागलीय, असं सांगायची सोय नव्हती.

झाडाबद्दलही त्यांचं तेच. झाडाला नाक नाही पण श्वास आहे, हे ते इतक्या वेळा सांगायचे की मुलांना पाठ झालं होतं. "पानाच्या पोटाला बारीक तोंडं असतात. डोळ्यांनी दिसत नाहीत. हवा तिथून आत जाते, वाफ तिथून बाहेर येते." मग शाळेच्या कुंपणालगतच्या जास्वंदीचं एक पान निवडून त्याच्या खालच्या बाजूला व्हॅसलीन चोपडायचे. शेजारचं पान तसंच ठेवायचे. आठवड्याभरात पहिलं पान पिवळं पडून गळायचं. एका वर्षी आठवीतली एक मुलगी ते गळलेलं पान हातात घेऊन उभी राहिली. "सर, याला गुदमरलं?"

"हो."

"मंग तुमी का लावलं?"

संध्याकाळी पाहिलं तर सर कुंपणाशी जास्वंदीची नवी फांदी लावत होते. शाळेसमोरच्या रस्त्यावर ट्रकच्या धुरळ्यानं बदामाची पानं माखायची, तर हाताला येतील तेवढी पानं ते रुमालानं पुसायचे. "सर झाडाचं नाक पुसतात," असं मी राऊत बाईंना सांगितलं आणि आम्ही दोघी पोट धरून हसलो. आज वाटतं, आम्ही जरा जास्तच हसलो.

त्यांचा सगळ्यात गाजलेला पाठ मुगाचा. मोड आलेले मूग अर्धी बरणी भरून आणायचे, झाकण घट्ट लावून रात्रभर ठेवायचे. रावजी शिपायाच्या डबीतला चुना पाण्यात कालवून, वरची निवळी वेगळी काढायची. एका मुलाला नळीनं त्या निवळीत फुंकायला लावायचे. निवळी दुधासारखी पांढरी व्हायची. "हा तुझ्या पोटातला नव्हे, तुझ्या श्वासातला वायू." मग थोडी ताजी निवळी वाटीतून मुगाच्या बरणीत ठेवायचे, झाकण परत लावायचे. ती वाटीही हळूहळू पांढुरकी व्हायची. "आणि हा मुगाचा." शेवटी पेटती मेणबत्ती तारेला बांधून बरणीत सोडायचे. मेणबत्ती फट्‌कन विझायची.

"मुगानं मेणबत्ती इझवली!" वर्ग हसायचा.

"मुगानं हवा खाल्ली," सर म्हणायचे. "मूग जिवंत आहेत म्हणून खाल्ली. त्यांचा काही दोष नाही. दोष झाकणाचा."

एका पोरानं विचारलं, "सर, म्हनून चिंचेखाली झोपायचं नाय का? भूत गळा दाबतं?"

"चिंच कुणाचा गळा दाबत नाही. उघड्यावर वारा असतो. भूत बंद जागेत असतं." वर्ग पुन्हा हसला. सर हसले नाहीत. मग ते जे बोलले ते मी भिंतीपलीकडून शब्द न् शब्द ऐकलं. "मासळी सडली की तिच्यातून जो वायू निघतो तो याहून वाईट. मेणबत्ती त्यात जळत राहील, तरी माणूस पडेल. त्याला सडक्या अंड्यासारखा वास येतो. आधी वास येतो, मग वास येईनासा होतो. नाक मरतं. माणसाला वाटतं हवा सुधारली, आणि तो आणखी खाली उतरतो."

त्या वर्गात हरेश म्हणून दहावीचा एक उंच पोरगा होता. वाह्यात, पण गळा गोड. सरांची नक्कल त्याच्याइतकी कुणालाच जमत नसे. सर फळ्याकडे वळले की हा बाकाच्या खणात डोकं घालून अगदी त्यांच्याच आवाजात विचारायचा, "हवा हाय का?" एकदा सापडला. सगळ्यांना वाटलं आता छडी. सर म्हणाले, "वेळ चुकली. प्रश्न बरोबर आहे." आणि शिकवायला लागले.

मला स्वतःला त्यांची भीती खोटी वाटायला लागली ती एडवणच्या विहिरीमुळे. एडवणला माझ्या मामाची पानवेलीची वाडी. एका शनिवारी मी शाळेतल्या चार-पाच जणांना तिथं जेवायला घेऊन गेले. त्याच दिवशी मामानं जुनी, वापरात नसलेली विहीर उपसायला जान्याला बोलावलं होतं. जान्या डोंगराकडच्या पाड्यातला, विहिरीच्या कामात मुरलेला माणूस. तो कठड्यावर चढतोय एवढ्यात सर जेवणाच्या पानावरून हात न धुता धावत गेले. "थांब! हवा बघितली का?"

कंदील दोरीला बांधून खाली सोडला. आम्ही सगळे वाकून बघत होतो. कंदील तळाशी गेला, मजेत जळत राहिला आणि तसाच जळत वर आला. मामा म्हणाला, "झालं समाधान?" सर म्हणाले, "कंदील सगळंच सांगत नाही." आता बोला! कंदील हवा म्हणणारा हाच, आणि कंदिलावर विश्वास न ठेवणाराही हाच. मामाचा पारा चढला. जान्यानं मात्र डोक्याचं फडकं सोडलं आणि म्हणाला, "मास्तर सांगतो त आज नाय उतरत. विहीर कुठं पलून जाते?"

बाकीचे परतले, सर आणि मी मामाकडेच राहिलो. दुसऱ्या दिवशी, रविवारी, जान्या उतरला. छातीला दोरी बांधून, आणि सर दिवसभर कठड्यापाशी दोरीचं टोक हाताला गुंडाळून. दर थोड्या वेळानं वरून हाक, "हवा हाय का?" आणि खालून जान्याचं उत्तर, "हाय!" उत्तर थांबलं की ओढायचं, असं ठरलेलं. मामा म्हणाला, "विहीर उपसतायत की हजेरी घेतायत?" काहीही झालं नाही. गाळ निघाला, विहीर स्वच्छ झाली, आणि मामानं ही कथा वर्षभर माहीमपासून सफाळ्यापर्यंत सांगितली.

त्या रविवारी परतीच्या बसमध्ये मी सरांच्या शेजारी बसले होते. मला त्यांची लाज वाटत होती, हे मी कबूल करते. जरा टोचूनच विचारलं, "सर, एवढं घाबरून कसं चालेल?" सर बोलले ते बोलीत, म्हणून मला कळलं की ते आत्ता, बसमध्ये, चांगल्या हवेत बसूनही घाबरलेत.

"माजा थोरला भाव खणात उतरला, बाई. मासळी ठेवायचा खण, बोटीच्या पोटात. आठ दिवस बंद व्हता, खाली जुनी मासळी व्हती. उतरला तो पडला. मदला भाव त्याला काडायला उतरला. तो पडला. मंग बापूस. आपला मानूस खाली हाय, तर वर कोन ऱ्हानार? आमच्यात कोन ऱ्हात नाय. मी चवथा. सतरा वर्साचा व्हतो. येक पाय आत व्हता माजा."

मी हातातलं बसचं तिकीट दुमडत राहिले.

"मी नाय उतरलो. तितंच ऱ्हायलो, पाय आत सोडून. लोक आता बोलतात, मास्तर शाना, त्याला ठावं व्हतं. काय ठावं व्हतं? पुस्तक मागून आलं, कालेजात. त्यात वाचलं का असं असं व्हतं, म्हनून मानूस मरतं. भ्याव आदी आलं. मी निस्ता घाबरलो, म्हनून हाय. आयनं मला वरीसभर जेवाया वाडलं, पर माज्याशी बोलली नाय."

बस सफाळ्याला थांबली, माणसं चढली उतरली. सर खिडकी आणखी उघडायला बघत होते, पण ती आधीच पूर्ण उघडी होती. तेव्हा मला कळलं की हा माणूस वीस-पंचवीस वर्षं एकच गोष्ट शिकवतोय. खाली एक पडला तर दुसऱ्यानं तसंच उतरू नये. गावातल्या प्रत्येक पोराला चार मिनिटं गप्प बसवून ते एवढंच सांगत होते, आणि गावातलं प्रत्येक पोरगं हसत होतं. त्या दिवसानंतर मी हसले नाही. पण मला त्यांच्याइतकीच भीती वाटायला लागली, ती कायमची.

त्यानंतर पाच एक वर्षांनी ते घडलं. माघ महिना होता. उत्तरेचा वारा सुटला होता म्हणून पाचसहा दिवस बोटी बाहेर गेल्या नव्हत्या. वारा पडला त्या शनिवारी शाळा सकाळची होती. सुटल्यावर सर आणि मी धक्क्यावरून बसथांब्याकडे निघालो. सर नेहमीप्रमाणे जमिनीकडच्या बाजूनं, खाडीकडे पाठ करून. ते मुगाच्या नव्या बरणीबद्दल काहीतरी सांगत होते आणि एकाएकी गप्प झाले. मागून कुणीतरी हाक मारत होतं, "नथूऽ! ए दादा!" साधी हाक. मला त्यात काही वेगळं जाणवलं नाही. हाक दुसऱ्यांदा आली, उत्तर आलं नाही. सर वळले.

धक्क्याला लागलेल्या बोटीवर हरेश उभा होता. वर्गात नक्कल करणारा तोच, आता बावीस वर्षांचा बाप्या. त्याचा थोरला भाऊ नथू शिळी मासळी आणि बर्फाचं पाणी काढायला खणात उतरला होता. हरेश खणाच्या चौकटीवर बसला आणि त्यानं दोन्ही पाय आत सोडले.

पागधरे सर धावले. त्यांना बोटीवर पाय ठेवताना मी पहिल्यांदाच पाहिलं. त्यांनी हरेशला मागून कमरेला मिठी घातली आणि दोघं फळ्यांवर आपटले. तोवर दुसरा एक खलाशी पुढं आला. सर खणाच्या तोंडाशी हात पसरून आडवे झाले. "कोन उतरनार नाय! माज्या अंगावरून जा!" मग हातातलं घड्याळ काढून त्यांनी माझ्याकडे फेकलं. मी कधी बोटीवर चढले मला आठवत नाही. "बाई, मोजा! मोट्यानं मोजा!"

हरेश त्यांच्या पाठीत बुक्के मारत होता. "सोड मला! भाव हाय माजा खाली!"

"एक गेलाय," सर ओरडले. "एकच जाऊ दे!"

हे वाक्य धक्क्यावरच्या सगळ्यांनी ऐकलं. नथूची बायको जानकी टोपली टाकून धावत येत होती, तिनंही ऐकलं.

पुढचं सगळं मला सेकंदकाट्याबरोबर आठवतं. सरांनी खणावरची दुसरी फळीही काढायला लावली. ताडपत्रीची टोकं दोघांना धरायला देऊन वारा घालायला लावला. आतली हवा हलावी म्हणून खणाच्या कोपऱ्यात बादल्यांनी पाणी ओतायला लावलं. बोट ओढायचा, टोकाला आकडा लावलेला बांबू घेऊन ते खणाच्या कडेला पालथे पडले, तोंड बाजूला वळवायचे, छातीभर हवा घ्यायचे, मग आत वाकायचे. आकडा नथूच्या सदऱ्यात अडकला, सदरा फाटला. पुन्हा. मी मोजत होते. एक. दोन. सडका वास नाकात शिरत होता, आणि मला त्या वासाची भीती वाटत नव्हती, तो जाईल याची वाटत होती. तीन. हरेश आता मारत नव्हता, ताडपत्री हलवत होता आणि माझ्या तोंडाकडे बघत होता.

"चार झाली," मी म्हणाले.

ते मी मोठ्यानं म्हणायला नको होतं. हरेशचे हात थांबले. त्याला ठाऊक होतं चार म्हणजे काय. त्यानं ते आमच्याच शाळेत, पेन खाली ठेवून ऐकलं होतं. "हलव!" सर किंचाळले, आणि तो परत हलवायला लागला.

आकडा चड्डीच्या पट्ट्यात बसला तेव्हा सहा होऊन गेली होती. नथूला वर घेतलं. सरांनी त्याच्या तोंडाला तोंड लावून श्वास भरायला सुरुवात केली. धक्क्यावर गाव जमलं होतं, जीप आणायला माणूस गेला होता, आणि त्या गर्दीत सरांचा श्वास तेवढा ऐकू येत होता. ते थांबेनात. जीप आली तरी थांबेनात. शेवटी जानकीनंच त्यांच्या पाठीवर हात ठेवला. "ऱ्हाऊ द्या, मास्तर."

त्या दिवशी एकच माणूस गेला. पण हे गावाला सांगणार कोण? गाव म्हणालं, मास्तरनं धरून ठेवला, नाहीतर हरेशनं भावाला कधीच वर काढला असता. तेव्हाही हा काठावर बसून राहिला, आताही तेच. हरेश सरांच्या समोरून जाताना मान फिरवायचा. सर आठ दिवस शाळेत आले नाहीत. आले तेव्हा त्यांनी खिडक्या उघडल्या, हजेरी घेतली आणि सरळ धडा सुरू केला. पुढच्या जूनमध्ये पहिल्या तासाला मी भिंतीपलीकडे कान देऊन होते. चार मिनिटांची शांतता आली नाही. सामानाच्या खोलीत ते आता न विचारता शिरायचे. संडासात एकदा मी मुद्दाम उगाचच वेळ लावला. दारावर कुणी टकटक केली नाही. मला रडू आलं.

त्यानंतर माझी चिंचणीच्या बाजूला बदली झाली आणि मुरब्याचं जाणं सुटलं. मुलगी मोठी झाली, तिचं जीवशास्त्र मीच घेतलं. घरात सगळे हसतात, पण मी अजून कुठल्याही बंद खोलीच्या उंबऱ्यात क्षणभर थांबते.

नव्वद सालानंतर एकदा जुन्या विद्यार्थिनीच्या लग्नासाठी मुरब्याला गेले. लग्न आटोपून दुपारी धक्क्यावर आले तर बाकावर सर बसलेले. निवृत्त झाले होते, केस पांढरे, अंगानं आणखी सुकलेले. खाडीकडे पाठ होतीच. मी शेजारी बसले. ते माझ्या मुलीची चौकशी करत होते, पण त्यांचं लक्ष बोलण्यात नव्हतं. हातात घड्याळ होतं, मी मोजलं होतं तेच.

"काय बघताय सर?"

"काही नाही. आज त्यांनी खण उघडलाय. सकाळपासून उघडा ठेवलाय, दोन्ही फळ्या काढून. आता उतरलाय तो."

मी मागे वळले. बोट धक्क्याला होती. खणाच्या तोंडाशी जानकी बसली होती. त्या गावात बाई सहसा बोटीवर बसत नाही, पण ती पाय रोवून बसली होती आणि दोरीचं टोक तिच्या कमरेला दोन वेढे घेऊन आवळलेलं होतं. दुसरं टोक खणात गेलं होतं. ती आत वाकली आणि खणखणीत आवाजात तिनं हाक दिली, "हवा हाय का?"

"हाय!" खालून हरेश म्हणाला.

सर वळले नाहीत. मी विचारलं, "हे तुम्ही सांगितलंत त्यांना?"

"मी? माझ्याशी कोण बोलतं? ती तिचंच करते. दर वेळी." मग म्हणाले, "हरेश अजून बोलत नाही."

जानकीनं पुन्हा हाक दिली. पुन्हा उत्तर आलं. असं चार-पाच वेळा झालं. सर माझ्याशी बोलत राहिले, जास्वंदीचं काय झालं, राऊत बाई कुठं असतात. मला बस गाठायची होती. मी उठले, नमस्कार केला, दहा पावलं गेले, तेवढ्यात मागं जानकीची हाक आली आणि या वेळी उत्तर आलं नाही. मी थांबले. सर बाकावर तसेच होते, पाठ खाडीकडे, तोंड माझ्याकडे, डोळे घड्याळावर. पांढऱ्या सदऱ्याआडची त्यांची छाती हलत नव्हती. जानकीनं दोरी दोन्ही हातांत धरली. "हरेश! हवा हाय का?"

"हाय, वयनी, हाय! टोपली भरत व्हतो."

आणि मग सरांनी श्वास घेतला.